जीपची सोंड

माणदेशात पाण्याचा हिशेब नुसता माणसांपुरता ठेवून भागत नाही. शेळीचं पाणी, बैलाचं पाणी, तुळशीचं पाणी, सगळं वेगवेगळं मोजावं लागतं. आमच्या घरात 1998 पासून त्यात आणखी एक भर पडली, गाडीचं पाणी. त्या साली अण्णांनी जुनी डिझेल कमांडर जीप घेतली आणि दहिवडी-म्हसवड रस्त्यावर वडाप सुरू केलं. वडाप म्हणजे काय हे सातारा-सांगलीकडच्या माणसाला सांगायला नको. बाकीच्यांनी एवढंच समजावं, की एसटीची वाट बघून कंटाळलेली माणसं, त्यांच्या बाजाराच्या पिशव्या, एखादी पाय बांधलेली कोंबडी आणि मागच्या पायरीवर लोंबकळणारी कॉलेजची दोन पोरं एवढं सगळं घेऊन जी निघते ती वडापची जीप.

जीप आमच्याकडे आली तेव्हा आधीच दोन घरं फिरून आली होती. रेडिएटरला साधारण एक कळशी पाणी लागायचं. सकाळी गाडी काढायच्या आधी अण्णा झाकण उघडून आत बोट घालून बघायचे, कमी असेल तेवढं घालायचे. आई त्याला "गाडीला पाजायचं" म्हणायची. बैल विकून जीप घेतली होती, त्यामुळे घरात तोच शब्द चालला.

अण्णांना इंजिन कळलं ते विहिरीवरून. गॅरेजात ते कधी उमेदवारीला नव्हते. त्यांच्या लहानपणी आमच्या मळ्यात सोंडेची मोट होती. ज्यांनी मोट बघितली नाही त्यांच्यासाठी सांगतो. चामड्याची मोठी पखाल, तिला खाली हत्तीच्या सोंडेसारखी निमुळती चामड्याची नळी. पखालीला जाड नाडा, सोंडेला बारीक सोंदूर. मोट विहिरीत असेपर्यंत सोंदूर सोंडेला वर ओढून धरतो, म्हणून पाणी सांडत नाही. मोट वर आली की सोंड थारोळ्यात लोळते आणि पाणी आपोआप पाटाला लागतं. या सगळ्या सामानात आधी काय फाटत असेल तर ती सोंड. सारखी वाकायची, घासायची, ओली व्हायची, वाळायची. आजोबा ती घरीच शिवायचे, दोरा ओवून द्यायला अण्णा. 1972 ला विहीर आटली आणि मोट सुटली, ती पुन्हा जुंपलीच नाही. पण सोंड आधी जाते हे अण्णांच्या डोक्यात पक्कं बसलं.

म्हणून जीप घेतल्यावर त्यांनी पहिल्यांदा बॉनेट उघडलं तेव्हा रेडिएटर आणि इंजिन यांच्यामधल्या दोन काळ्या रबरी नळ्यांवर बोट ठेवून ते म्हणाले, "ह्या सोंडा. पैल्यांदा ह्याच जाणार." मिस्त्री, दुकानदार, ड्रायव्हर सगळे तिला "हौस पाईप" म्हणतात. मूळ शब्द होज आहे हे मला पुढं आयटीआयला कळलं. पण हौस हा शब्दही वाईट नाही. ती फुटली की गाडीची सगळी हौस तिथंच फिटते.

काम सोपं असतं. इंजिनात तापलेलं पाणी वरच्या नळीतून रेडिएटरच्या माथ्यावर येतं, बारीक नळ्यांतून उतरताना पंख्याचा वारा आणि समोरचा वारा खातं, आणि थंड होऊन खालच्या नळीतून पंपाकडे परत जातं. वरची नळी गरम पाण्याची, खालची थंड पाण्याची. इंजिन सारखं हलत असतं, रेडिएटर चॅसीला बांधलेला. एक हलणारं आणि एक न हलणारं जोडायचं म्हणजे मधे काहीतरी मऊ पाहिजेच. त्या मऊपणाची किंमत म्हणजे काही वर्षांनी ते बदलावं लागतं. रबराचं आयुष्यच तेवढं. त्यात कुणाचा दोष नसतो.

2003 चा पाऊस हुकला. त्याच्या आधीचाही धड नव्हता. 2004 च्या चैत्रात गावात टँकर येत होता, तिसऱ्या दिवशी एकदा, घरटी चार हंडे. सार्वजनिक विहिरीत टँकर रिता झाला की घागरी-कळश्यांचा जो आवाज उठायचा तो मला अजून ऐकू येतो. जनावरं बऱ्याच जणांनी विकली होती, आमच्याकडे दोन शेळ्या उरल्या होत्या. शेतात काही नाही, म्हणून घर जीपवर होतं आणि जीप कर्जावर होती. दोन हप्ते थकले होते. पतसंस्थेचा वसुलीचा माणूस दोनदा घरी येऊन चहा न घेता गेला होता. आमच्याकडे चहा न घेता जाणं म्हणजे काय ते खेड्यातल्या माणसाला कळेल.

सगळी आशा शिंगणापूरच्या यात्रेवर. शिखर शिंगणापूरच्या शंभू महादेवाची यात्रा चैत्रात भरते. पाडव्यापासून माणसांची ये-जा सुरू होते, अष्टमीला शिव-पार्वतीचं लग्न लागतं आणि द्वादशीला कावडी मुंगी घाट चढतात. द्वादशीच्या आगेमागे तीन-चार दिवस जीपला पाय ठेवायला जागा नसते. तेवढ्या फेऱ्यांत थकलेलं निघालं असतं. शिवाय गावातल्या सहा-सात म्हाताऱ्यांना अण्णांनी शब्द दिला होता, की द्वादशीला पहाटे निघू आणि कावडी चढताना दाखवू. त्यातल्या दोघींना आपण पुढच्या वर्षी असू याची खात्री वाटत नव्हती. तसं त्या उघड बोलायच्या.

खालची नळी क्लिपेपाशी फुगलीय हे अण्णांनी आठवडाभर आधी हेरलं होतं. नळी तपासायची त्यांची रीत साधी होती. गाडी गार असताना चिमटीत धरून दाबायची. चांगली नळी दबते आणि लगेच फुलते. खराब नळी दोन तऱ्हेची असते. एक पिकल्या केळासारखी मऊ पडलेली, दुसरी वाळल्या चामड्यासारखी ताठ, वाकवली की बारीक तडे दाखवणारी. आमची पहिल्या तऱ्हेची होती. वरून इंजिनाचं ऑइल ठिबकत होतं आणि रबराला ऑइल म्हणजे लाकडाला वाळवी. अण्णा लगेच दहिवडीत विचारून आले. त्या मापाची संपली होती, मागवली होती, यात्रेमुळे गाडी आली नव्हती.

दशमीला दुपारी गोंदवल्याच्या अलीकडे ती फुटली. मी क्लिनरच्या जागी होतो. काटा लाल रेघेकडे सरकला, तशी अण्णांनी गाडी बाजूला घेऊन बंद केली. बॉनेटच्या फटीतून वाफ आणि त्या वाफेला थोडा गोडसर वास. एक हौशी प्रवासी लगेच झाकणाकडे हात घालायला निघाला. अण्णांनी त्याचा हात असा झटकला की तो माणूस मागं सरला. "भाजून मरशील की! लांब हो."

यात घाबरवायचं काही नव्हतं. रेडिएटर म्हणजे चुलीवरचा कुकरच. झाकणाला स्प्रिंग असते, ती पाणी दाबात ठेवते, आणि दाबातलं पाणी 100 अंशाच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल केलं की दाब निघून जातो आणि इतका वेळ गप्प बसलेलं सगळं पाणी एकदम उकळून तोंडावर उसळतं. आमच्या स्टँडवरच्या एका ड्रायव्हरच्या गालावर त्याची खूण होती. गाडी तापली तर अर्धा-पाऊण तास बिडी ओढा, भजन म्हणा, पण झाकणाला हात लावू नका.

प्रवासी दुसऱ्या जीपमध्ये बसवून दिले. गाडी गार झाल्यावर अण्णांनी डिक्कीतली सायकलची जुनी ट्यूब काढली, फाडून तिची पट्टी केली आणि फुटल्या जागेवर ताणून ताणून गुंडाळली, वरून सुतळीचे आढे. झाकण पूर्ण न आवळता पहिल्या खाचेवरच ठेवलं, म्हणजे आत दाब धरणार नाही. जवळच्या वस्तीवरून अर्धी कळशी मागून घेतली आणि थांबत थांबत गाडी घरी आणली. अशी पट्टी घरापर्यंतच पोचवते. तिच्या भरवशावर माणसं बसवून घाट चढायचा नसतो.

मिस्त्रीचा निरोप आला, यात्रा झाल्यावर आणा. त्याच्या दारात आठ गाड्या उभ्या होत्या. अण्णा म्हणाले, "मग आपुनच बसवू. सोंडच तर हाय."

एकादशीला सकाळी मला सायकलवर दहिवडीला पिटाळलं. नेहमीच्या दुकानात नळी आलीच नव्हती. दुसऱ्या दुकानदाराने माप विचारलं, तेव्हा मी अण्णांनी सुतळीला गाठी मारून दिलेलं माप काढलं. एक गाठ लांबीची, दुसरी घेराची, आणि वाकण कुठं आहे ते दाखवायला सिगारेटच्या पाकिटावर पेन्सिलीने काढलेली रेघ. दुकानदार हसला, पण आतून दुसऱ्याच गाडीची एक नळी घेऊन आला. घेर जुळत होता, वाकण जुळत होतं, लांबी चार बोटं जास्त. "कापा," म्हणाला. दोन नवीन क्लिपाही घेतल्या. जुन्या क्लिपांचे आटे झिजलेले असतात, त्या वाचवायच्या नादात नवी नळी गळते. तेवढ्या पैशांत कंजूषी करू नये.

जीप अंगणात लिंबाखाली उभी होती. हत्यारं म्हणजे डिसमिस, पकड, हॅक्सॉचं पान, पॉलिश पेपर आणि आईचं घमेलं. पाणी सोडायला रेडिएटरच्या खाली कॉक असतो. आमचा कॉक क्षार धरून दगड झाला होता. तात्या, म्हणजे माझे धाकटे चुलते, पाना लावून जोर करायला निघाले. अण्णांनी थांबवलं. पितळेचा कॉक डाग देऊन बसवलेला, तुटला तर नळीचं दुखणं रेडिएटरवर जाणार. मग ठरलं, की नळी काढतानाच जे पाणी येईल ते घमेल्यात धरायचं.

क्लिप सैल झाली तरी नळी हलेना. किती वर्षांचं रबर तोटीला चिकटून बसलं होतं. इथं माणसं दोन्ही हातांनी पिळतात आणि रेडिएटरची तोटीच उचकटतात. अण्णांनी पानाने नळी उभी चिरली, तोटीच्या पितळेला पातं लागणार नाही इतकं अलगद, आणि शेंग सोलावी तशी उघडली. भस्सकन पाणी आलं. तांबूस-हिरवट. दिवाळीच्या आधी मिस्त्रीने त्यात कूलंट घातलं होतं. तेवढं घमेल्यात आलं, थोडं मातीत गेलं. मातीत गेलेल्याकडे आम्ही सगळेच बघत राहिलो.

तेवढ्यात धाकटी शेळी दावं ओढत घमेल्याकडे आली. तिला दोन दिवस पोटभर पाणी नव्हतं. आईने धावत जाऊन तिचं तोंड धरलं. कूलंट गोड लागतं आणि विष असतं, हे मिस्त्रीने अण्णांना बजावून सांगितलं होतं. कुत्रं, मांजर, शेळी, तहानेलं लेकरू, कुणीही त्याला फसतं. माझ्या स्वतःच्या गाडीची नळी मी हल्ली पिंपरीत पार्किंगमध्ये बदलतो. आता वायरच्या स्प्रिंगच्या क्लिपा असतात, पकडीने दाबून सरकवायच्या, आणि रेडिएटरची तोटी पितळेऐवजी प्लॅस्टिकची, म्हणून जोर आणखी कमी लावायचा. बाकी काम तेच. पण निघालेल्या कूलंटवर अजून मी आधी झाकण घालतो आणि मग पुढं जातो. सोसायटीत शेळ्या नसल्या तरी कुत्री आहेतच.

जुन्या नळीच्या पोटात तारेची स्प्रिंग निघाली. नव्या नळीत ती नव्हती. मला वाटलं जुनी म्हणून असेल. अण्णा स्प्रिंग हातात फिरवत थोडा वेळ बसले आणि म्हणाले, "ही सोंड पंप वढतोय. वढली की ती आत चिमटती. चिमटली की पाणी बंद. म्हणून आतनं आधार दिलाय." खरंच तसंच असतं. खालच्या नळीतून पंप पाणी ओढतो, गाडी पळायला लागली की मऊ नळी चपटी होऊ शकते. त्यांना हे कुणी शिकवलं नव्हतं. स्प्रिंग धुऊन, गंज घासून त्यांनी नव्या नळीत सरकवली.

मग नळी कापून मापाला आणली. दोन्ही तोट्या पॉलिश पेपरने घासल्या, क्षाराचा पांढरा थर निघून पितळ दिसेपर्यंत. क्लिपा आधी नळीवर ओवून घेतल्या. तोट्यांना साबणाचं बोट फिरवलं. तेल नाही, ग्रीस नाही, साबण. घसरायला तेवढा पुरतो आणि रबराला खात नाही. नळी तोटीवरच्या उंचवट्याच्या पलीकडे गेली, मग त्या उंचवट्याच्या मागं क्लिप आवळली. "लई पिळू नगंस," अण्णा तात्यांना म्हणाले, "रबर क्लिपेतनं वर आलं की बास."

आता पाणी. घरात दीड हंडा होता आणि टँकर उद्या दुपारी. शेजारी बोअर होता, पण त्याचं पाणी मचूळ. त्याच पाण्याने आधीच्या मालकाने कॉकचा दगड केला होता. अण्णा ते घालायला तयार नव्हते. रेडिएटरच्या बारीक नळ्या क्षाराने बुजल्या तर नवी सोंड घेऊन काय करायचं? घमेल्यातलं पाणी आईच्या जुन्या लुगड्याच्या चार पदरी फडक्यातून दोनदा गाळलं, गंजाचा गाळ फडक्यावर राहिला. ते अर्धं झालं. अर्धं कमीच.

"आवं, पोरांनी काय प्यायचं?" आई म्हणाली.

अण्णा काही बोलले नाहीत. जीपच्या पायरीवर बसून राहिले. पतसंस्थेचं कुणीच नाव काढलं नाही.

आजी ओसरीवर होती. ती म्हणाली, "त्यो तेल्या भुत्या सासवडासनं कऱ्हेचं पानी खांद्यावर घिऊन यायलाय देवाला. वाटंत सांडंल म्हून कुनी ठिवून घेतंय व्हय? द्या त्या गाडीला. मी न्हाय पीत रातच्याला."

आईने हंड्यातून अर्धी कळशी काढली, काठोकाठ नाही, एक बोट कमी. रात्री आजीने खरंच पाणी मागितलं नाही. आईने तिला उठवून पाजलं.

पाणी हळूहळू ओतलं. भसाभस ओतलं तर आत हवा अडकते. झाकण उघडं ठेवून गाडी चालू केली. बुडबुडे यायला लागले, पाण्याची पातळी खाली गेली, पुन्हा घातलं. अण्णा वरची नळी दाबत होते, धार काढताना सड दाबतात तसे, आणि प्रत्येक दाबाला एक बुडबुडा वर येत होता. वरची नळी बराच वेळ कोमट होती, मग एकाएकी चटका बसेल इतकी तापली. थर्मोस्टॅट साधारण 80 अंशाला उघडतो आणि इंजिनातलं पाणी एकदम रेडिएटरकडे सुटतं. अण्णा एवढंच म्हणाले, "लागलं पाटाला."

रात्री त्यांनी जीपखाली चुलीतली राख चाळून पसरली. सकाळी राखेवर एक ठिपका होता, हरभऱ्याएवढा. पंपाकडच्या क्लिपेला अर्धा आटा दिला. राख पुसून पुन्हा पसरली, गाडी चालू करून तापवली, पंधरा मिनिटं थांबलो. ठिपका नाही. तोवर म्हाताऱ्या गाठोडी घेऊन अंगणात बसल्या होत्या. त्यातली एक राखेकडे बघून म्हणाली, "अंगारा टाकलाय व्हय?" कुणी नाही म्हटलं नाही.

शिंगणापूरच्या चढाला अण्णांनी दोनदा गाडी थांबवून बॉनेटखाली हात घातला. काटा मधल्या रेघेवर होता. डोंगरावर पुष्कर तलाव आहे, मालोजीराजांनी बांधवून घेतला असं सांगतात. इतक्या उंचावर यात्रेकरूंना पाणी पुरवायचं म्हणजे काय काम असेल हे त्या वर्षी कळलं. म्हाताऱ्यांना घाटाच्या माथ्याशी नीट बसवलं. खालून कावडी दिसायला लागल्या, दोरांनी, खांद्यांनी, एकमेकांच्या हातांना धरून चढणारी माणसं, आणि मधे रांजण. गर्दीने जागच्या जागी आरोळी दिली. शेजारची म्हातारी माझा दंड इतका घट्ट धरून होती की संध्याकाळपर्यंत वळ राहिला होता.

त्या चार दिवसांत आम्ही रात्रीच्याही फेऱ्या केल्या. दोन्ही हप्ते नाही निघाले. दीड निघाला. वसुलीचा माणूस आला, त्याने पावती केली आणि चहा घेतला. बिनदुधाचा होता, दूध नव्हतंच.

ती नळी पुढं पाच वर्षं टिकली, म्हणजे 2009 ला जीप विकेपर्यंत. विकताना अण्णांनी घेणाऱ्याला बॉनेट उघडून सांगितलं, की खालची दुसऱ्या गाडीची आहे आणि आत जुनी स्प्रिंग आहे, काढू नका. त्याला त्यात काही विशेष वाटलं नसावं.

जुनी नळी अण्णांनी टाकली नव्हती. उभी चिरलेली होतीच, तिचा चांगला राहिलेला तुकडा त्यांनी परसातल्या सिमेंटच्या टाकीच्या काठावर बसवला आणि तारेने बांधला, हंडा उचलताना बूड जिथं घासायचं बरोबर तिथं. टाकीला आता नळ आहे. तुकडा आहे तिथंच आहे.